दोनशेत एक: मुंबईतला पोलिओ आणि त्याचा बंदोबस्त

२००१ साली मुंबईत पोलिओने लुळं पडलेलं एकच मूल नोंदलं गेलं. त्याच वर्षी शहरातल्या तीन दाट झोपडवस्त्यांच्या गटारांतून दर आठवड्याला सांडपाण्याचे नमुने काढले जात होते आणि परळच्या एंटेरोव्हायरस संशोधन केंद्रात तपासले जात होते. वर्षभरात १३७ नमुने झाले. त्यांतल्या ३५ नमुन्यांत पहिल्या प्रकारचा वाइल्ड, म्हणजे निसर्गात आपोआप फिरणारा पोलिओ विषाणू निघाला. एकात तिसऱ्या प्रकारचा निघाला. जे मूल आजारी पडलं, त्याच्या तीन महिने आधीच तो विषाणू गटाराच्या पाण्यात सापडलेला होता. या केंद्रातले डॉ. जगदीश देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पोलिओ हा रोग नेमका कसा वागतो हे समजून घ्यायला या आकड्यांइतकं बोलकं उदाहरण मी दुसरं पाहिलेलं नाही.

एक मूल आणि पस्तीस नमुने, हा मेळ बसतो कसा? पोलिओचा विषाणू तोंडावाटे पोटात जातो, घशात आणि आतड्यात वाढतो आणि विष्ठेवाटे बाहेर पडतो. ज्यांना त्याची लागण होते, त्यांतल्या बहुतेकांना काहीच होत नाही. काहींना दोन दिवस ताप येतो, घसा दुखतो, पोट बिघडतं, आणि घरचे म्हणतात, हवा बदलली. साधारण दोनशे लागणींमागे एका मुलाच्या बाबतीत विषाणू मज्जारज्जूपर्यंत पोहोचतो आणि स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी मारून टाकतो. त्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. एक मूल लंगडताना दिसलं, की त्याच्या मागे जवळजवळ दोनशे मुलं अशी असतात जी धडधाकट खेळत असतात आणि कित्येक आठवडे विषाणू सांडत असतात. पोलिओ दिसतो तेव्हा तो वस्तीभर फिरून झालेला असतो. रुग्ण सापडल्यावर धावाधाव करून हा रोग आटोक्यात येत नाही; रुग्ण नसतानाच सगळं करावं लागतं. या लेखात पुढे जे जे येईल, थेंबांपासून गटारापर्यंत, त्या सगळ्याचं कारण या एका हिशेबात आहे.

रोगाची लक्षणं आईबापांनी ओळखावीत अशी आहेत. लागण झाल्यापासून बहुधा आठवडा-दहा दिवसांनी ताप येतो. डोकं, मान, पाठ आखडते, पाय दुखतात. मग ताप असतानाच, दोन-चार दिवसांत, एखादा पाय किंवा हात लुळा पडतो. लुळेपणा बहुधा एका बाजूला जास्त असतो आणि हातापेक्षा पायात अधिक. चिमटा घेतला तर मुलाला कळतं, पण पाय उचलता येत नाही. संवेदना शाबूत आणि ताकद गेलेली, ही पोलिओची खूण. लुळ्या पडलेल्यांपैकी शंभरातली पाच ते दहा मुलं श्वासाचे स्नायू निकामी झाल्याने दगावतात. यावर औषध नाही. पूर्वी नव्हतं आणि आजही नाही.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण आपल्याकडे अजून तापलेल्या मुलाला घेऊन लोक डॉक्टरकडे जातात ते 'एक सुई मारा' म्हणत. विषाणू अंगात असताना स्नायूत टोचलेलं इंजेक्शन त्याच पायात लुळेपणा आणू शकतं. ज्या लागणीतून मूल सहज बाहेर पडलं असतं, ती या सुईने कायमचं अपंगत्व देऊन जाते. इंजेक्शन दिलं आणि पाय गेला, असं सांगणाऱ्या आयांचं कित्येकदा खरंच होतं. गरज नसलेली इंजेक्शनं टाळणं हाही पोलिओच्या प्रतिबंधाचाच भाग होता, आणि त्याकडे फार कमी लक्ष दिलं गेलं.

मुंबईने हा रोग गंभीरपणे घ्यायला सुरुवात केली ती एका आईमुळे. फातिमा इस्माईल यांच्या मुलीला पोलिओ झाला. तिच्या उपचारांसाठी त्या हिंडल्या, आणि ज्या मुलांच्या आईवडलांना असं हिंडणं परवडणारं नव्हतं त्यांचं काय, हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. १९४७ मध्ये त्यांनी अपंग मुलांच्या पुनर्वसनासाठी संस्था स्थापन केली. चौपाटीच्या भागात छोटं उपचार केंद्र सुरू झालं. पुढे हाजी अलीला मुलांचं अस्थिरोग रुग्णालय उभं राहिलं. त्याच परिसरात १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने अखिल भारतीय भौतिक वैद्यक आणि पुनर्वसन संस्था सुरू झाली. मालिश, व्यायाम, पायाला आधार देणारे कॅलिपर, स्नायूबंध एका जागेवरून दुसऱ्या जागी जोडण्याच्या शस्त्रक्रिया, आणि हे सगळं चालू असताना मुलांचं शिक्षण, अशी जोडणी त्या काळात देशात फारशी कुठे नव्हती. गिरगाव-लालबागच्या चाळीतून बसने हाजी अलीला कॅलिपरच्या मापासाठी जाणारी मुलं ही साठ-सत्तरच्या दशकातल्या मुंबईची ओळखीची गोष्ट आहे, आणि मराठीत तिच्याबद्दल व्हायला हवं तितकं लिहिलं गेलेलं नाही.

दुसरी सुरुवात १९४९ची. त्या वर्षी मुंबईत पोलिओची साथ आली आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने शहरात पोलिओ संशोधन विभाग सुरू केला. पुढे त्याचंच एंटेरोव्हायरस संशोधन केंद्र झालं, आणि आता ते पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेचं मुंबई केंद्र आहे. जागा परळचीच, आचार्य दोंदे मार्गावरचं हाफकिनचं आवार. वाल्डेमार हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये आली आणि १९२५ पासून ती हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाऊ लागली. वाडिया बालरुग्णालय आणि केईएम याच रस्त्यावर. लुळं पडलेलं मूल, त्याच्या विष्ठेचा नमुना तपासणारी प्रयोगशाळा आणि त्या रोगाची लस भरणारा कारखाना ही तिन्ही एकाच रस्त्यावर असावीत, असं जगात क्वचितच कुठे असेल.

तरीही स्वातंत्र्यानंतरची दोन-तीन दशकं भारतात पोलिओ ही मोठी समस्या मानली जात नव्हती. समज असा होता की आपल्याकडे अस्वच्छतेमुळे सगळ्या बाळांना तान्हेपणीच लागण होते, आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती तेव्हा अंगात असते, त्यामुळे लुळेपणा येत नाही. पोलिओ ही अमेरिका-युरोपच्या स्वच्छ शहरांची व्यथा. अमेरिकेत १९५२ साली सुमारे ५८ हजार रुग्ण झाले होते, ते सर्वांना ठाऊक होतं. आपल्याकडे कुणी मोजत नव्हतं. जेव्हा गावोगावी, शाळाशाळांत लंगडणारी मुलं मोजण्याच्या पाहण्या झाल्या, तेव्हा कळलं की देशात दरवर्षी दोन लाखांच्या घरात मुलांना पोलिओ होत असावा. इतकी वर्षं ही मुलं आपल्या डोळ्यांसमोरच होती. चाळीचाळीत, शाळाशाळांत होती. १९७१ मध्ये ओव्हलवर ३८ धावांत सहा बळी घेऊन भारताला इंग्लंडमधली पहिली कसोटी मालिका जिंकून देणाऱ्या भागवत चंद्रशेखर यांचा उजवा हात लहानपणीच्या पोलिओने बारीक झालेला होता. कर्णधार होते दादरचे अजित वाडेकर. त्या विजयाने अख्खी मुंबई रस्त्यावर आली. पण तो हात असा का, हे विचारून लसीकरणाची मागणी करणारं कुणी नव्हतं.

लस तोवर आलेली होती. जोनास साल्क यांची टोचायची लस १९५५ मध्ये आली. तिच्यात मारलेला विषाणू असतो. ती रक्तात प्रतिकारशक्ती निर्माण करते आणि लुळेपणा टाळते. अल्बर्ट सॅबिन यांची तोंडावाटे द्यायची लस साठच्या दशकाच्या सुरुवातीला आली. तिच्यात जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो. तो आतड्यात वाढतो आणि तिथेच पहारा बसवतो, त्यामुळे पुढे खरा विषाणू आला तरी तो फारसा वाढू शकत नाही. दोन थेंब जिभेवर टाकायचे, सुई नको, खर्च कमी. भारताने थेंब निवडले. १९७८ मध्ये विस्तारित लसीकरण कार्यक्रम सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी पोलिओचा त्यात समावेश झाला. १९७५ मध्ये हाफकिनचं उत्पादनाचं काम वेगळं काढून महामंडळ करण्यात आलं होतं. त्याच्या परळच्या कारखान्यात भरलेल्या पोलिओ लशीच्या कुप्या देशभर गेल्या, युनिसेफमार्फत परदेशीही गेल्या.

थेंबांची निवड चुकली असं मी म्हणणार नाही, पण तिच्यातली अडचण वेळेवर मान्य झाली नाही हे खरं. वेल्लोरचे डॉ. टी. जेकब जॉन सत्तरच्या दशकापासून सांगत होते, की युरोपात तीन डोस पुरतात तसे ते भारतात पुरत नाहीत. इथल्या मुलांच्या आतड्यात इतर विषाणूंची गर्दी असते, जुलाब वारंवार होतात, त्यामुळे लशीचा विषाणू रुजतच नाही. उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये पुढे हे ठळकपणे दिसलं. दहा-दहा डोस घेतलेली मुलंही लुळी पडली. मग आईबापांचा विश्वास का ढळू नये? उत्तर निघालं ते लशीतच बदल करून. २००५ पासून एकाच प्रकारच्या विषाणूवरची लस आणि जानेवारी २०१० पासून पहिल्या व तिसऱ्या प्रकारावरची दुहेरी लस वापरात आली. २००९ मध्ये देशात ७४१ रुग्ण होते, २०१० मध्ये ४२ आणि २०११ मध्ये एक. हे इतकं झपाट्याने घडलं, ही भारतीय सार्वजनिक आरोग्याची मोठी मिळकत आहे, आणि हेच दहा वर्षं आधी घडू शकलं असतं ही खंतही आहे.

पल्स पोलिओची पहिली देशव्यापी फेरी डिसेंबर १९९५ आणि जानेवारी १९९६ मध्ये झाली. सुरुवातीला तीन वर्षांपर्यंतची मुलं होती, नंतर पाचपर्यंतची आली. एकाच दिवशी सगळ्यांना डोस देण्यामागे आतड्याचा हिशेब होता: एका वस्तीतली सगळी मुलं एकाच वेळी लशीच्या विषाणूने व्यापली, की वाइल्ड विषाणूला राहायला आतडंच उरत नाही. मुंबईत ही मोहीम महापालिकेने चालवली, आणि तिचा भार वाहिला तो आरोग्य केंद्रांतल्या परिचारिकांनी आणि आरोग्य स्वयंसेविकांनी. रविवारी बूथ लागायचा. गणेशोत्सव मंडळाचं कार्यालय, व्यायामशाळा, बालवाडी, देवळाचा ओटा, जी जागा मिळेल तिथे. निळा डबा, त्यात बर्फाच्या पिशव्या, कुप्या, डाव्या करंगळीला लावायची शाई. पुढचे काही दिवस घरोघर. सगळ्या मुलांना डोस मिळाला त्या दारावर खडूने 'पी', एखादं राहिलं तिथे 'एक्स', आणि एक्सच्या दारात पुन्हा जायचं, मूल सापडेपर्यंत जायचं.

लालबाग-परळच्या चाळीत हे काम त्यामानाने सोपं होतं. गॅलरीच्या टोकाला उभं राहून हाक मारली की वीस खोल्यांतली मुलं बाहेर येत. कुणाचं बाळ कुठल्या महिन्यात झालं हे सगळ्यांना ठाऊक. सामायिक संडास आणि सामायिक नळ यांमुळे विषाणूला जी वाट मिळायची, तीच वाट सेविकेलाही मिळायची. गिरण्या बंद पडल्या, त्यांच्या जमिनीवर टॉवर आले, आणि काम अवघड झालं. टॉवरच्या फाटकात वॉचमन अडवतो. घरात बोलावलंच तर 'आमचे डॉक्टर देतात' असं ऐकायला मिळतं. आणि टॉवर बांधणाऱ्या मजुरांची मुलं पत्र्याच्या खोल्यांत असतात, कुठल्याही यादीत नाव नसलेली. आज परळला, चार महिन्यांनी शिवडीला, मग गावी. पोलिओच्या दृष्टीने ही मुलं सगळ्यात उघड्यावर. मोहिमेतल्या बायकांनी बांधकामाच्या जागा, पुलाखालचे संसार, फुटपाथ पालथे घातले. दादर, मुंबई सेंट्रल, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस अशा स्थानकांवर खास पथकं उभी राहिली, कारण उत्तरेकडून येणाऱ्या गाडीतून विषाणूही उतरत होता. परळच्या तपासणीने ते पुराव्यानिशी दाखवलं होतं. त्याकडे पुढे येतो.

काही मोहल्ल्यांत दारं बंद झाली. हे थेंब म्हणजे पोरं न होण्याचं औषध आहे, ही अफवा उत्तरेत पसरली तशी मुंबईतही आली. तिला निव्वळ अडाणीपणा म्हणून सोडून देणं मला अन्यायाचं वाटतं. आणीबाणीतली सक्तीची नसबंदी लोक विसरले नव्हते. आणि ज्या गल्लीत कचरा उचलायला कुणी येत नाही, दवाखाना मैलभर लांब, तिथे एकाच औषधासाठी सरकार दर महिन्याला दार ठोठावतं, तेव्हा संशय येणारच. तो दूर केला त्याच गल्लीतल्या लोकांनी: मशिदीतून सांगणाऱ्या इमामांनी, आपल्या मुलांना आधी डोस देऊन दाखवणाऱ्या डॉक्टरांनी, आणि त्याच वस्तीत राहणाऱ्या सेविकांनी. जाहिरातीत अमिताभ बच्चन होते, त्यांच्या 'दो बूंद ज़िंदगी की'चा उपयोग झाला नाही असं नाही. पण शेवटचं दार उघडलं ते शेजारणीच्या शब्दावर. या बायकांना मिळणारं मानधन तुटपुंजं होतं आणि आजही सेवेत कायम होण्यासाठी त्यांना आंदोलनं करावी लागतात. पोलिओमुक्तीच्या समारंभांत त्यांना मिळालेली टाळ्यांची पोच पुरेशी नाही.

आता गटाराकडे. लुळं पडलेलं मूल शोधायची एक पद्धत देशभर होतीच. १९९७ पासून पंधरा वर्षांखालच्या कुठल्याही मुलाला अचानक लुळेपणा आला, कारण काहीही असो, की त्याची नोंद करायची; चोवीस तासांच्या अंतराने विष्ठेचे दोन नमुने घ्यायचे, तेही लुळेपणा आल्यापासून चौदा दिवसांच्या आत; बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पाठवायचे. ही पद्धत उत्तम आहे, पण ती दोनशेतल्या एकाची वाट पाहते. बाकीच्या एकशे नव्याण्णव मुलांचा माग काढायचा तर ती जिथे शौचाला जातात तिथलं पाणी तपासायला हवं. मुंबईने ते २००१ मध्ये देशात सर्वांत आधी सुरू केलं. सांडपाणी आणायचं, त्यातला विषाणू दाट करायचा, आणि विशिष्ट पेशींवर सोडायचा. त्यांतल्या एका जातीच्या पेशी उंदराच्या असतात, पण त्यांच्यावर माणसाच्या पेशीतलं पोलिओचं 'दार' बसवलेलं असतं, त्यामुळे इतर विषाणू बहुतेक बाहेर राहतात आणि पोलिओ तेवढा आत शिरतो. पेशी मरू लागल्या की पुढची तपासणी: प्रकार कोणता, लशीचा की वाइल्ड, आणि त्याच्या जनुकांचा क्रम काय.

हा क्रम फार काही सांगतो. पोलिओचा विषाणू वाढताना सतत चुका करतो. त्याच्या एका ठरावीक जनुकात वर्षाला साधारण एक टक्का फरक पडतो. दोन विषाणूंमधला फरक मोजला की ते एकमेकांपासून केव्हा फुटले हे सांगता येतं आणि घराणंही कळतं. २००१ मध्ये मुंबईच्या सांडपाण्यात सापडलेले विषाणू चार घराण्यांचे होते. त्यांचा मुंबईत आधी सापडलेल्या विषाणूंशी संबंध नव्हता. चारही उत्तर प्रदेशातल्या तेव्हाच्या विषाणूंची भावंडं होती. म्हणजे वर्षभरात बाहेरून विषाणू अनेकदा आला, काही काळ फिरला आणि विझला. तो विझला याचा अर्थ मुंबईतलं लसीकरण बऱ्यापैकी टिकून होतं. तो पुन्हा पुन्हा आला याचा अर्थ फक्त मुंबईने लस घेऊन भागणार नव्हतं; मुरादाबादच्या बाजूचं मूल सुरक्षित होईपर्यंत परळचं मूल सुरक्षित नव्हतं. हे वाक्य भाषणात अनेकदा ऐकलेलं असतं; इथे ते जनुकांच्या भाषेत लिहून आलं. पुढे दिल्ली, पाटणा, कोलकाता इथे हीच तपासणी सुरू झाली. भारतातल्या सांडपाण्यात वाइल्ड विषाणू शेवटचा सापडला तो मुंबईतच, नोव्हेंबर २०१० मध्ये. त्यानंतर दोन महिन्यांनी, १३ जानेवारी २०११ रोजी, पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यातल्या एका लहान मुलीला लुळेपणा आला आणि ती देशातली शेवटची रुग्ण ठरली. २७ मार्च २०१४ रोजी भारतासह आग्नेय आशिया विभागाला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं.

थेंबांची एक बाजू मोहीम चालू असताना मोठ्याने बोलली जात नव्हती. आता बोलायला हवी. लशीतला दुबळा विषाणू फार क्वचित, लाखो डोसांमागे एखाद्या वेळी, घेणाऱ्यालाच लुळेपणा आणतो. आणि जिथे लसीकरण तुटक आहे तिथे तो मुलामुलांतून फिरत फिरत पुन्हा बळावतो. वाइल्ड विषाणूचा दुसरा प्रकार १९९९ मध्ये अलीगढला शेवटचा दिसला आणि मग जगातूनच गेला. म्हणून लशीतला दुसरा प्रकारही काढून टाकायचं ठरलं. भारताने हा बदल २५ एप्रिल २०१६ रोजी केला. २०१८ मध्ये गाझियाबादच्या एका कंपनीच्या काही कुप्यांत तो काढलेला दुसरा प्रकार सापडला, आणि त्या कुप्या महाराष्ट्रातही वापरल्या गेल्या होत्या. देखरेख जागी होती म्हणून ते कळलं. २०२२ मध्ये लंडनच्या सांडपाण्यात लशीतून उलटलेला विषाणू सापडला आणि न्यूयॉर्कजवळ एक तरुण लुळा पडला. २०२४ मध्ये गाझात पंचवीस वर्षांनी पहिलं मूल लुळं पडलं. त्याच वर्षी मेघालयात पश्चिम गारो हिल्समध्ये लशीच्या विषाणूचा एक रुग्ण निघाला. वाइल्ड विषाणू अजून पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात आहे. २०२४ मध्ये पाकिस्तानात ७४ आणि अफगाणिस्तानात २५ रुग्ण झाले. दोन बंदरं आणि आंतरराष्ट्रीय विमानतळ असलेल्या शहराला हे अंतर फार नाही. अशा देशांतून ये-जा करणाऱ्या प्रवाशांना २०१४ पासून थेंबांचं प्रमाणपत्र लागतं ते यासाठीच.

यावरचा उपाय दोन लशींची जोड हा आहे, आणि तो आज प्रत्येक महापालिका दवाखान्यात फुकट मिळतो. थेंबांचा पहिला डोस जन्मल्याबरोबर, मग सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला, आणि सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान बूस्टर. शिवाय त्वचेत टोचायची मारलेल्या विषाणूची छोटी मात्रा: सहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला उजव्या दंडावर, आणि जानेवारी २०२३ पासून नवव्या महिन्यात डाव्या दंडावर. टोचलेली लस लुळेपणा टाळते आणि तिच्यातून रोग होऊ शकत नाही. थेंब आतड्यात पहारा ठेवतात. एक घेतली म्हणून दुसरी नको, असं नाही. थेंब दिल्यावर लगेच अंगावर पाजलं तरी चालतं. सर्दी, किरकोळ ताप, साधे जुलाब यांसाठी डोस चुकवू नये. ज्या मुलाची प्रतिकारशक्ती जन्मतः किंवा औषधांमुळे क्षीण आहे, त्याला थेंब द्यायचे नाहीत, टोचायची लसच द्यायची. हे डॉक्टरला आधी सांगावं. थेंबांचे राहिलेले डोस पाच वर्षांपर्यंत भरून काढता येतात.

मुंबईतल्या मराठी कुटुंबांत डोस चुकतो तो बहुधा बाळंतपणामुळे. मुलगी बाळंतपणाला माहेरी, चिपळूणला किंवा सातारला जाते. जन्माचा डोस तिथे होतो. सव्वा महिन्याने की तीन महिन्यांनी परत यायचं हे ठरत नाही, आणि सहा आठवड्यांचा डोस दोन गावांच्या मध्ये हरवतो. कार्ड बरोबर न्यायचं आणि जिथे असाल तिथल्या केंद्रात डोस घ्यायचा. कुठलंही सरकारी केंद्र दुसऱ्या गावचं मूल परत पाठवू शकत नाही. दुसरी गळती मोहिमेच्याच यशातून आलेली आहे. रविवारी बूथवर थेंब घेतले म्हणजे झालं, असं अनेकांना वाटतं. बूथचा डोस नेहमीच्या डोसाला जोड म्हणून असतो, त्याच्या बदल्यात नाही. नेहमीचं लसीकरण किती विरलेलं असू शकतं हे २०२२ च्या शेवटी गोवंडीतल्या गोवराने दाखवलं. जिथे गोवराची लस पोहोचत नाही, तिथे पोलिओची टोचायची लसही पोहोचलेली नसते. तिचा शेवटचा डोस त्याच दवाखान्यात, त्याच नवव्या महिन्यात द्यायचा असतो.

एकट्या स्वच्छतेने पोलिओ थांबत नाही, हे अमेरिकेच्या अनुभवाने दाखवलं; तरी लशीचं ओझं ती हलकं करते. मुंबईत पाणी ठरावीक वेळ येतं. नळ बंद असताना वाहिनीतला दाब उतरतो, आणि जुन्या फुटक्या जलवाहिनीशेजारून गटार जात असेल तर मैला आत ओढला जातो. गिरगावातल्या शंभर वर्षांच्या चाळींच्या वाहिन्या हा सौंदर्यीकरणाच्या खात्याचा विषय नाही, बालआरोग्याचा आहे. पाणी उकळणं, बाळाची दुपटी धुतल्यावर आणि भरवण्याआधी साबणाने हात धुणं, हे घरी करायचं. वाहिन्या बदलणं हे महापालिकेने करायचं, आणि त्यासाठी नगरसेवकाच्या मागे लागायचं.

ज्यांना पोलिओ होऊन गेला त्यांचं काय? ऐंशीच्या दशकात लुळी पडलेली मुलं आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. बँकांत, शाळांत, दुकानांत काम करतात, लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यातून जातात. त्यांच्यापैकी अनेकांना वीस-तीस वर्षांनी नवा त्रास सुरू होतो: जो पाय चांगला होता त्यातही अशक्तपणा, लवकर येणारा थकवा, सांधेदुखी, थंडी सहन न होणं, कधी झोपेत श्वास अडखळणं. याला पोस्ट-पोलिओ सिंड्रोम म्हणतात. विषाणू परत आलेला नसतो. मेलेल्या पेशींचं काम इतकी वर्षं दुप्पट ओढणाऱ्या पेशी थकलेल्या असतात. अशा माणसाला 'व्यायाम वाढवा' असा सल्ला मिळाला तर त्याचं नुकसान होतं. त्याला श्रम वाटून घेणारा, विश्रांती धरून आखलेला व्यायाम, हलकं कॅलिपर आणि गरज पडल्यास बिनसंकोच चाकाची खुर्ची हवी असते. पोलिओचा एकही ताजा रुग्ण न पाहिलेली डॉक्टरांची पिढी आता दवाखान्यांत आहे. पन्नाशीचा रुग्ण पाय गळल्याची तक्रार घेऊन आला, तर लहानपणी पोलिओ झाला होता का, हे त्यांनी स्वतःहून विचारायला हवं. आणि रुग्णानेही ते आपणहून सांगावं, तपासणीच्या आधी आणि विशेषतः भूल देण्याच्या आधी, कारण अशा शरीराला भुलीचं औषध जपून द्यावं लागतं.